झोपलेल्यांपैकी कोण उठला नाही, ते आधी शोधावे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या संगणकविषयक सदरात गेल्या आठवड्यात एका वाचकाने विचारले होते की, लिनक्स घातलेला त्याचा लॅपटॉप काम चालू असेपर्यंत ठणठणीत असतो, मात्र थोडा वेळ तसाच उघडा ठेवला की हँग होतो, मग ना माउस हलतो ना कळफलक दाद देतो. यावर उपाय काय? वीजबचतीच्या व्यवस्थेत दोष असावा, हे सदरलेखकांचे निदान मला पटले. उपाय मात्र पटला नाही. कर्नलला (लिनक्सच्या मुख्य प्रोग्रामला) द्यायचे पाच पॅरामीटर, म्हणजे यंत्र सुरू होताना द्यायच्या सूचना, त्यांनी एकगठ्ठा दिले, त्यांत वीजव्यवस्थेचे एसीपीआय हे मानकच बंद करणारा ‘एसीपीआय=ऑफ’ हाही एक होता, आणि ते सगळे ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइलमध्ये एकदाच लिहून टाकावेत म्हणजे कटकट मिटेल, असे सांगितले. कटकट मिटेल हे खरे. मी स्वतः असाच एक गठ्ठा (सुदैवाने त्यात एसीपीआय नव्हते) आठ महिने वागवला आणि त्या काळात लॅपटॉप एकदाही हँग झाला नाही. पण बॅटरी सहा तासांवरून साडेतीन तासांवर आली, पंखा दिवसभर घोंगावत राहिला, आणि मूळ दोष कोणत्या भागाचा होता हे मला आठ महिन्यांनंतरही ठाऊक नव्हते. त्या वाचकावर ही वेळ येऊ नये म्हणून हे पत्र. ते लांबले आहे याची जाणीव आहे, पण दोन ओळींत उरकण्याच्या नादातच हा विषय बिघडतो.

काम नसताना यंत्र बिघडावे, हे ऐकायला विचित्र वाटते. त्यामागचे कारण असे की, आजच्या लॅपटॉपमध्ये ज्याला काम नाही तो प्रत्येक भाग लगेच डुलकी घेतो. प्रोसेसरच्या या झोपेच्या पायऱ्यांना सी-स्टेट म्हणतात: सी-शून्य म्हणजे जागा, सी-एक म्हणजे जागच्या जागी थांबलेला, आणि सी-सहा म्हणजे प्रोसेसरच्या त्या गाभ्यातली (कोअरमधली) माहिती बाजूला जपून ठेवून त्याचा वीजपुरवठाच तोडलेला. पहिल्या झोपेतून उठायला एक-दोन मायक्रोसेकंद पुरतात, खोल झोपेतून उठायला त्याच्या कितीतरी पट लागतात. डिस्क, वायफाय आणि ग्राफिक्स ज्या पीसीआय एक्स्प्रेस जोडणीवर बसलेले असतात ती जोडणीही झोपते. तिच्या या व्यवस्थेचे नाव एएसपीएम. एनव्हीएमई डिस्क (याच जोडणीवरची वेगवान डिस्क) तर एपीएसटी नावाच्या सोयीमुळे कर्नलला दरवेळी न विचारता आपली आपणच एकेक पायरी खाली उतरते. लिनक्समध्ये ही सोय 2017 साली कर्नल 4.11 पासून आली. यूएसबीवरचे उपकरण, त्याच्या ड्रायव्हरची हरकत नसेल तर, दोन सेकंद रिकामे राहिले की झोपवले जाते. पडद्यावरचे चित्र बदलत नसेल तर काही लॅपटॉपांत पडदा स्वतःजवळ साठवलेलेच चित्र दाखवत राहतो आणि ग्राफिक्सचा भाग तेवढ्यात विश्रांती घेतो. याला पीएसआर म्हणतात. झोपायला कोणालाच अडचण येत नाही. घोटाळा होतो तो उठताना, कारण उठण्यासाठी यंत्राचा तो भाग, त्याचे फर्मवेअर (त्याच्यातच भरून दिलेला प्रोग्राम) आणि कर्नल या तिघांचे एकमत लागते, आणि तिघांपैकी एकाचा अंदाज जरी चुकला तरी बाकीचे दोघे वाट बघत बसतात.

हे एकमत व्हावे म्हणूनच डिसेंबर 1996 मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे मानक प्रसिद्ध केले. लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये एसीपीआयचे तक्ते असतात आणि कोणता भाग कसा झोपवायचा, कसा उठवायचा हे कर्नल त्यांतून वाचतो. हे तक्ते बहुतेक वेळा विंडोजवर तपासून बाजारात येतात. त्यामुळे एखाद्या तक्त्याने ‘तू विंडोज आहेस का?’ असे विचारले तर लिनक्सचा कर्नल बिनदिक्कत ‘हो’ म्हणतो, कारण खरे सांगितले तर कोणीही न तपासलेल्या वाटेने जायची पाळी यायची. सदरलेखकांनी सुचवलेला ‘एसीपीआय=ऑफ’ हा पॅरामीटर ही सारी व्यवस्थाच मोडीत काढतो. मग बॅटरी किती उरली ते दिसत नाही, झाकण मिटल्याचे कळत नाही, पॉवरचे बटण दाबून यंत्र नीट बंद होत नाही, आणि नव्या लॅपटॉपांपैकी कित्येक तर बूटच होत नाहीत. हा उपाय एके काळी जुन्या यंत्रांवर निदानासाठी म्हणून वापरत असत. आज तो कोणाला कायमचा सुचवणे म्हणजे दात दुखतो म्हणून जबडा काढायला सांगण्यासारखे आहे.

असे दोष काल्पनिक नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. इंटेलच्या बे ट्रेल मालिकेच्या प्रोसेसरांवर लिनक्स अचानक गोठत असे. कर्नलच्या दोषनोंदवहीत 109051 या क्रमांकाखाली त्याची लांबलचक चर्चा आहे, आणि ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=1’ हा पॅरामीटर देऊन खोल झोप बंद केल्यावरच कित्येकांची यंत्रे चालती झाली. 2017 साली आलेल्या पहिल्या पिढीच्या रायझन प्रोसेसरांवरही यंत्र रिकामे असतानाच गोठण्याच्या तक्रारी झाल्या. तिथे सी-सहा ही अवस्था बंद करणे, किंवा बायोसमध्ये (यंत्राच्या फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये) रिकाम्या वेळच्या वीजप्रवाहाचा ‘टिपिकल करंट आयडल’ हा पर्याय निवडणे, हे उपाय लागू पडले. या दोन्ही प्रकरणांत लोकांनी झोपेची नेमकी कोणती पायरी घातक आहे ते शोधले आणि तेवढीच बंद केली, हे मला महत्त्वाचे वाटते. (पॅरामीटर मी उच्चाराप्रमाणे लिहीत आहे; टंकताना ते रोमन अक्षरांत, बिंदू आणि अधोरेषा जागच्या जागी ठेवून द्यावे लागतात. त्यात चूक झाली तर कर्नल अडून बसत नाही, तो पॅरामीटर सोडून पुढे जातो, आणि आपण मात्र उपाय केला या समजुतीत राहतो.)

आता शोध कसा घ्यायचा ते सांगतो. लॅपटॉप हँग झाला की आपला हात आधी पॉवरच्या बटणाकडे जातो. तो आवरावा, कारण पुरावा त्याच क्षणी समोर असतो. कॅप्स लॉकची कळ दाबून तिचा दिवा लागतो-विझतो का ते पाहावे. लागत असेल तर कर्नल जिवंत आहे आणि बिघाड पडद्याच्या किंवा खिडक्यांच्या व्यवस्थेत असण्याचा संभव आहे. अशा वेळी कंट्रोल, आल्ट आणि एफ-3 एकदम दाबले तर कित्येकदा साधा अक्षरी पडदा समोर येतो. दिवा आपोआप उघडझाप करत असेल तर कर्नलने स्वतःच हात टेकले आहेत, ज्याला कर्नल पॅनिक म्हणतात. दिवा हलत नसेल तर दुसऱ्या संगणकावरून पिंग करून, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारून, उत्तर येते का ते पाहावे, आणि आधीच एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून आत येऊन आज्ञा देण्याची सोय) चालू ठेवले असेल तर आत शिरता येते का ते पाहावे. गाणे लावलेले असताना पडदा गोठला आणि गाणे पुढे चालू राहिले, तर प्रोसेसरच्या झोपेवर संशय घेण्याचे कारण उरत नाही. तिथे आधी ‘आय915.एनेबल_पीएसआर=0’ देऊन पडद्याची विश्रांती बंद करून पाहावी. याउलट गाण्याचा एकच तुकडा अडकलेल्या तबकडीसारखा वाजत राहिला तर दोष खोलवरचा आहे. जड काम चालू असतानाच यंत्र गोठत असेल तर वीजबचतीचा नाद सोडून आधी तापमान आणि मेमरी तपासावी. रॅम संपत आल्यावरही लिनक्स मिनिटेच्या मिनिटे असाच अडकून पडतो आणि पाहणाऱ्याला तो हँगच वाटतो.

माझ्या बाबतीत घडले ते असे. गठ्ठा काढून टाकल्यावर दोन दिवसांत लॅपटॉप पुन्हा रुसला, पण या वेळी मी बटण दाबले नाही. माउस हलत होता. आधीपासून उघडी असलेली मजकुराची खिडकी टंकलेली अक्षरे घेत होती, मात्र सेव्ह म्हटले की तिथेच थिजत होती. नवा टर्मिनल (आज्ञा टंकण्याची खिडकी) उघडेना. जुन्या टर्मिनलमध्ये कोणतीही आज्ञा दिली की ‘इनपुट/आउटपुट एरर’ एवढेच उत्तर येत होते. मिनिटभराने माउसही थांबला. बंद करून पुन्हा सुरू केल्यावर मी ‘जर्नलसीटीएल’ला (यंत्राच्या नोंदवहीतल्या नोंदी दाखवणाऱ्या आज्ञेला) मागच्या बूटची नोंद मागितली, तर ती हँग होण्याच्या बरीच आधी संपलेली होती आणि शेवटच्या ओळीत काहीही वावगे नव्हते. त्याआधीही मी हेच पाहिले होते आणि ‘लॉगमध्ये काही सापडत नाही’ म्हणून शोध सोडून दिला होता. या वेळी मात्र उजेड पडला की नोंद जिथे लिहायची ती डिस्कच गायब झाली असेल तर नोंद सापडणार कुठून? साक्षीदारच मारला गेला होता. (डिस्क शाबूत असली तरी जर्नल साधारण नोंदी पाच-पाच मिनिटांनी डिस्कवर पक्क्या करतो, तेव्हा शेवटची काही मिनिटे एरवीही हाती लागत नाहीत.)

पुढच्या वेळेसाठी मी दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने लॅपटॉपमध्ये शिरून ‘डीमेसेज’ ही आज्ञा सतत चालू राहील अशी ठेवली, म्हणजे कर्नल जे बोलेल ते दुसऱ्या पडद्यावर उमटेल, मग लॅपटॉपची डिस्क असो वा नसो. तिसऱ्या दिवशी सकाळी तिथे चार ओळी उमटलेल्या होत्या. पहिलीत एनव्हीएमईचा कंट्रोलर पडला असून त्याला रीसेट करत आहोत असे म्हटले होते आणि पुढे शून्य-एक्सनंतर आठ वेळा एफ हे अक्षर होते, म्हणजे कर्नलने डिस्कला स्थिती विचारली आणि पलीकडे कोणी नव्हतेच. त्याखाली कर्नलने चक्क प्रश्न विचारला होता: तुमच्या उपकरणाची वीजबचतीची अवस्था सदोष तर नाही ना? आणि सल्लाही दिला होता की, ‘एनव्हीएमई_कोअर.डीफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस=0’ आणि ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’ देऊन पाहा आणि दोष कळवा. अलीकडच्या कर्नलांत हा संदेश आहे आणि तो लिहिणाऱ्याचे मी मनोमन आभार मानले.

तरीही कर्नलने सुचवलेले दोन्ही पॅरामीटर मी एकदम दिले नाहीत. ग्रबचा मेनू दिसताच ‘ई’ कळ दाबली, ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी पहिला पॅरामीटर तेवढा लिहिला आणि एफ-10 दाबून बूट केले. असे लिहिलेले त्या एका बूटपुरतेच टिकते, त्यामुळे चुकले तरी पुढच्या खेपेला सारे पूर्ववत होते. ग्रबची फाइल बदलण्याची घाई लोक का करतात हे मला समजत नाही. मग वाट पाहिली. इथे धीर लागतो आणि नेमका तोच सुटतो. दर दोन-तीन दिवसांनी हँग होणारा लॅपटॉप एक दिवस नीट चालला, यावरून काहीच ठरत नाही. एरवी जेवढ्या दिवसांत तो हँग होतो त्याच्या निदान तिप्पट दिवस शांततेत गेले तरच त्या पॅरामीटरला श्रेय द्यावे, असा माझा हिशेब आहे. मी दहा दिवस थांबलो, तेही लॅपटॉप मुद्दाम रिकामा ठेवून, कारण झोपेची परीक्षा रिकाम्या यंत्रावरच होते. काही झाले नाही. एएसपीएमला हात लावण्याची गरजच पडली नाही, आणि प्रोसेसरची खोल झोप तर पूर्ण निर्दोष होती. तीच मी आठ महिने बंद ठेवून पंखा फिरवत बसलो होतो.

शून्य ही किंमत दिली की डिस्कची आपोआप झोपण्याची सोय पूर्णच बंद होते. तेवढेही करायचे नव्हते, म्हणून ‘एनव्हीएमई’ या आज्ञेने डिस्कची माहिती काढली. त्या तक्त्यात शून्य ते चार अशा पाच अवस्था होत्या. तिसरीतून (म्हणजे 3 क्रमांकाच्या अवस्थेतून) बाहेर यायला 1200 मायक्रोसेकंद आणि चौथीतून (4 क्रमांकाच्या) बाहेर यायला 8000 मायक्रोसेकंद लागतात, असे डिस्कनेच सांगितले होते. कर्नलची मूळची मर्यादा 1,00,000 मायक्रोसेकंदांची, म्हणजे पाचही अवस्थांना मोकळीक. मी शून्याऐवजी 5000 दिले. त्यामुळे चौथी अवस्था तेवढी वगळली गेली, तिसरीपर्यंत डिस्क पूर्वीसारखी झोपते, आणि बॅटरी पुन्हा पावणेसहा तासांवर आली. प्रोसेसरवर संशय असेल तर तिथेही इतकेच बारकाईने जाता येते: ‘सिस’ या डिरेक्टरीत प्रत्येक गाभ्याच्या प्रत्येक सी-स्टेटसाठी ‘डिसेबल’ नावाची एक फाइल असते, तीत 1 लिहिले की यंत्र चालू असतानाच तेवढी पायरी बंद होते. सगळ्यांत खोल पायरी आधी बंद करून पाहावी. सरसकट सी-एकवर बांधून ठेवणे हा शेवटचा मार्ग.

कित्येकदा दोष कारखान्यातून आलेला नसतो, आपण ओढवून घेतलेला असतो. बॅटरी जास्त चालावी म्हणून टीएलपी हे वीजबचतीचे साधन बसवायचे, वर पॉवरटॉप या तशाच साधनाची ‘ऑटो-ट्यून’ ही सोय दर बूटला चालवायची, आणि डेस्कटॉपबरोबर आलेले पॉवर-प्रोफाइल्स-डीमन आहेच, असे तीन कारभारी एकाच घरात नांदतात आणि एकाने केलेले दुसरा मोडतो. टीएलपी चार्जर लावलेला असताना वेगळ्या आणि बॅटरीवर वेगळ्या सेटिंग लावते, म्हणून लॅपटॉप फक्त बॅटरीवरच हँग होतो का, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. उत्तर होकारार्थी आले तर कर्नलला पॅरामीटर देण्याआधी ही साधने आठवडाभर बंद ठेवून पाहावीत.

झाकण मिटून उघडल्यावर पडदा काळाच राहणे हा निराळा प्रकार आहे आणि त्याला वरचे उपाय लागू पडतीलच असे नाही. तिथे ‘मेम_स्लीप’ या फाइलमध्ये लॅपटॉप कोणत्या पद्धतीने झोपतो आहे ते पाहावे. ‘डीप’ (खोल झोप) हा पर्याय उपलब्ध असेल तर तो आणि ‘एस2आयडल’ (हलकी झोप) हे आलटून पालटून वापरून बघण्यासारखे आहेत. नव्या लॅपटॉपांपैकी बऱ्याच जणांत ‘डीप’ मिळतच नाही.

हँग झालेले यंत्र बंद करण्याबद्दलही एक शब्द. आल्ट आणि सिसआरक्यू या कळा दाबून ठेवून एस, यू आणि बी ही अक्षरे सावकाश, एकामागून एक दाबली तर कर्नल जिवंत असल्यास आधी डिस्कवरचे लिहिणे पुरे करतो, मग फाइलप्रणाली केवळ वाचनासाठी ठेवतो आणि मग रीबूट करतो. कित्येक वितरणांत ही सोय अर्धवट बंद असते, ‘कर्नल.सिसआरक्यू’ची किंमत 16 असेल तर फक्त पहिले अक्षर चालते, 176 असेल तर तिन्ही चालतात. किंमत आजच पाहून ठेवावी, कारण हँग झाल्यावर ती बदलता येत नाही.

सापडलेला दोष स्वतःपुरता मिटवून गप्प बसू नये, हाही माझा आग्रह आहे. आधी लॅपटॉपचे आणि डिस्कचे फर्मवेअर ‘एफडब्ल्यूअपडी’ या साधनाने अद्ययावत होते का ते पाहावे, आणि तरीही दोष राहिला तर डिस्कचे मॉडेल, फर्मवेअरची आवृत्ती आणि कर्नलच्या त्या चार ओळी यांसह कर्नलच्या दोषनोंदवहीत कळवावे. अमुक डिस्कला अमुक अवस्थेत पाठवू नये, अशी अपवादांची यादी कर्नलमध्ये असते आणि ती अशाच नोंदींमधून वाढत आली आहे. पाच पॅरामीटरांचा गठ्ठा लावून बसलेला माणूस यांतले काहीच कळवू शकत नाही, कारण त्याचा दोष कोणत्या भागात आहे हे त्यालाच माहीत नसते. गठ्ठ्याचा उपयोग एकच: सगळे पॅरामीटर दिल्यावरही यंत्र हँग झाले तर वीजबचतीवरचा संशय बऱ्याच अंशी फिटतो. एक-दोन आठवड्यांच्या चाचणीपुरता तो ठीक आहे, तोही एसीपीआयला हात न लावता.

आपल्या सदरात पुढील वेळी दुरुस्ती छापावी, ही विनंती. निदान ‘एसीपीआय=ऑफ’ काढून टाकावा असे त्या वाचकाला कळवावे, आणि लॅपटॉप पुन्हा हँग होईल तेव्हा पॉवरच्या बटणाआधी कॅप्स लॉक दाबून दिव्याचे काय होते ते लिहून पाठवायला सांगावे. उत्तर त्यानंतर द्यावे.

कळावे,

आपला नम्र,
एक वाचक